बांधून राहिली

मी 'गेली' असंच लिहिणार आहे. 'गेले' लिहिणार नाही. आमच्या सौसरात कोणी 'गेले' म्हटलं की समोरचा माणूस विचारतो, कधी? म्हणून बाई असो की पोरगी, आम्ही आली, गेली, बसली, जेवली. बोलताना मी मले-तुले म्हणते, लिहिताना शाळेची सवय म्हणून मला-तुला लिहिते, एवढी सूट पुण्यामुंबईच्या वाचकाला दिली. याच्यावर सूट नाही. खटकलं तर घोटभर पाणी प्या आणि पुढे वाचा.

सौसर मध्यप्रदेशात आहे. नागपूर बसनं जवळच, पण आमच्या दुकानांच्या पाट्या हिंदीत, तहसीलीतले कागद हिंदीत, आणि मी जिथे नोकरी केली ती सरकारी शाळाही हिंदीच. जन्मभर पोरांना हिंदीतून गणित शिकवलं आणि घरी येऊन मराठीतून भांडली. भोपाळकडचे साहेब आम्हाला 'मराठी लोग' म्हणत. पुण्यावाले म्हणतात, अरे वा, तुम्हाला मराठी येतं? दोन्हीकडून दुरुस्त करायला माणसं तयार. माझं माहेर सावरगावचं. जाम नदीच्या त्या काठाला पांढुर्णा, या काठाला आम्ही, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून दगड चालतात तिथली मी. कोणी उगाच दोन शब्द ऐकवले तर गुमान ऐकून घ्यायची सवय मला लागलीच नाही.

माझी एकुलती एक लेक फ्रान्समध्ये, तुलूज नावाच्या शहरात नोकरी करते. जावई पुण्याचे, तेही तिथेच. त्यांची मुलगी, माझी नात, तेव्हा सहा वर्षांची होती. व्याही वारल्यापासून विहीणबाई वर्षातले काही महिने त्यांच्याकडे असतात. जावयांच्या डोक्यात आलं की दोन्ही आयांना नहरातून फिरवून आणू. तिथे एक जुना नहर आहे, पुण्यात कालवा म्हणतात तो, राजेमहाराजांच्या काळात खणलेला. त्यात भाड्यानं बोट मिळते, चालवायला लायसन लागत नाही. आठवडाभर बोटीतच राहायचं, बोटीतच रांधायचं. आमच्या यांना विचारलं तर म्हणाले, झाडांवर मृगाचा बहार आहे, संत्र्याची बाग कोणाच्या भरवशावर टाकू? तू जा. तर मी गेली.

पण मी बोटीसाठी गेली नव्हती. मला लेकीजवळ एक गोष्ट मागायची होती. पुढच्या वर्षीच्या सुट्टीत नातीला सौसरला पाठव. आईबापाशिवाय, माझ्याजवळ, सुट्टीभर. पोरगी मोठी होऊन राहिली होती आणि मला ती फोनच्या काचेतच माहीत होती. तिच्या अंगाचा वास मला माहीत नव्हता, झोपेत बडबडते का माहीत नव्हतं. आणखी चार वर्षं गेली की तिला म्हातारीजवळ यावंसं वाटणार नाही, हे मला शाळेत इतकी पोरं पाहून चांगलं ठाऊक होतं. फोनवर मागून पाहिलं होतं. दर वेळी लेक म्हणायची, बघू. आमच्याकडे 'पाहू' म्हणतात. 'बघू' म्हणाली की मला कळायचं, ही पुण्याच्या भाषेत नाही म्हणून राहिली.

बोट म्हणजे पाण्यावर ठेवलेलं तीन-चार खोल्यांचं घर होतं. पुढे झोपायच्या खोल्या, मध्ये ओटा आणि टेबल, मागे उघड्यावर गाडीसारखं स्टिअरिंग. आणि चालायची किती हळू! काठावरच्या पायवाटेनं काठी टेकत चालणारा म्हातारा आम्हाला मागे टाकायचा आणि वरून टोपी काढून नमस्कार करायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं इंजिन बिघडलं. जावई म्हणाले, नाही आई, याच्यापेक्षा जोरात चालवायला मनाई आहे, लाटांनी काठ खचतात. मी म्हटलं, एवढ्या वेळात आमची बैलगाडी बोरगावला जाऊन परत येते.

दोन्ही काठांवर मोठमोठी झाडं होती, वर एकमेकांत शिरलेली. मध्येच बराच पट्टा उघडा यायचा, नुसते बुंधे. झाडांना रोग लागला म्हणून तोडली म्हणे. आमच्या बागेत डिंक्या लागला की आम्हीही असंच करतो, आणि तेव्हा घरात दोन दिवस कोणी धड जेवत नाही. ते पाहून मला त्या अनोळखी मुलखाबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं. बाकी पाणी मात्र काठोकाठ. एवढं पाणी, आणि माणसं त्यात नुसती सहल करून राहिली, याचा मला एक दिवसभर राग आला. नंतर जिरला.

जिथे जमिनीला चढ-उतार आहे तिथे नहरात फाटकं होती. बोट दोन फाटकांच्या मध्ये उभी करायची, मागचं फाटक बंद व्हायचं, पाणी भरायचं, बोट वर उचलली जायची, मग पुढचं फाटक उघडायचं. दुपारी फाटकवाला जेवायला गेला की नहरच बंद. दहा बोटी रांगेत असोत, तो जेवूनच येणार. जावई घड्याळ पाहायचे. मला ही गोष्ट फार आवडली.

हळू चालणाऱ्या वाहनात एक सोय असते, कोणाला उतरून पळता येत नाही. मी ठरवलं होतं की लेकीला एकटीला धरायचं आणि विचारायचं. पण लेक माझीच. मी जवळ बसली की तिला कपडे वाळत घालायचे असायचे, नाहीतर कांदा चिरायचा असायचा. एकदा मी म्हटलं, बस ना थोडी. ती म्हणाली, आई, तू बाहेर बस, हवा छान आहे. हवा छान होती, पण मी हवेसाठी आली नव्हती.

आणि विहीणबाई. त्यांना समोरच्याचं बोलणं दुरुस्त करायची सवय आहे. मनात काही नसतं, चष्मा पुसावा तसं सहज करतात. मी म्हटलं, वरणात थोडा सांबार टाका. त्या म्हणाल्या, वरणात सांबार? मग कोथिंबिरीची जुडी हातात धरून दाखवली तेव्हा प्रकरण मिटलं. मी सांगत होती की मी छिंदवाड्याला गेली. त्या म्हणाल्या, 'गेले' म्हणतात हो, विहीणबाई. मी म्हटलं, तसं म्हटलं असतं तर तुमच्यासोबत बोटीत कोण बसलं असतं? त्या हसल्या. मीही हसली, पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

नातीची मराठी पुस्तकासारखी होती. आजी, मला अजून थोडा भात हवा आहे. ऐकून वाटायचं, बातम्या सांगून राहिली. पण तिला माझा एक शब्द सापडला आणि तिनं तो सोडलाच नाही. काहून. फाटक बंद काहून? बदक पाण्यात झोपते काहून? बाबांच्या डोक्यावर केस कमी काहून? दिवसभर काहून, काहून. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि लेकीचं तोंड दर काहूनला घट्ट होत जायचं. ती हळूच म्हणायची, 'का' म्हण बाळा, 'का'. म्हणताना तिची नजर सासूकडे जायची. मी त्या नजरेचा हिशोब असा लावला की पोरगी सासूला भिऊन राहिली. नात सौसरला आली तर तिची भाषा बिघडेल, हे विहिणीनंच माझ्या लेकीच्या डोक्यात भरवलं. झालं. त्या दिवसापासून मी विहीणबाईंच्या प्रत्येक शब्दावर टपून बसली.

मग ती दुपार आली. जेवायला बोट काठाला लावायची होती. तिथे घाट नव्हता, नुसतं गवत. अशा जागेसाठी बोटीसोबत लोखंडी खुंटे आणि हातोडा दिलेला असतो. काठावर उतरायचं, खुंटा ठोकायचा, दोर बांधायचा. हे काम मी पहिल्या दिवशीच मागून घेतलं होतं. सावरगावच्या गोठ्यात मी परकराच्या वयापासून दावी बांधली, मला काय त्याचं. जावई मागे स्टिअरिंगवर होते, लेक आत पोळ्या लाटत होती, विहीणबाई टेबलावर ताटं मांडत होत्या आणि नात खिडकीत होती.

मी दोर घेऊन उतरली. वारा सुटला होता. खुंटा ठोकला, दोराचा एक वेढा दिला आणि वाकून गाठ मारायला घेतली. इंजिनाच्या आवाजात जावयांनी मागून विचारलं, आई, बांधली का बोट? मी मान न उचलता ओरडून सांगितलं, "बांधून राहिली!"

आमच्याकडे याचा अर्थ एकच होतो. हात कामात आहेत, जरा दम धरा. पण पुण्याच्या कानाला काय ऐकू आलं? बोट बांधून राहिली. म्हणजे बांधली, आणि आता बांधलेली राहिली. कायमची. जावयांनी इंजिन बंद केलं आणि हात धुवायला आत गेले.

वाऱ्यानं बोट ढकलली. दोर माझ्या हातातून सरसर निघाला, वेढा सुटला, आणि आमचं घर माझ्या डोळ्यांसमोर काठापासून दूर जायला लागलं. तेही त्याच चालीनं, सावकाश. मी हातोडा घेऊन काठावर, आणि अख्खं खानदान पाण्यावर. मी ओरडली, "अवो जावईबापू, जाऊन राहिली! जाऊन राहिली!" खिडकीतून विहीणबाईंनी डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "कोण? कुठे जाऊन राहिली?"

समोरच्या काठाला दुसरी बोट होती. तिच्या छतावर म्हातारा-म्हातारी छत्री लावून जेवत बसले होते. आमची बोट आडवी होत होत त्यांच्या दिशेनं निघाली. त्यांनी आधी हात हलवला, त्यांना वाटलं आम्ही भेटायला येऊन राहिलो. मग म्हाताऱ्यानं बाटली उचलून छातीशी धरली. जावई धावत बाहेर आले, इंजिन चालू केलं, पण तोवर आमचं नाक त्यांच्या छत्रीला लागलं आणि छत्री पाण्यात गेली. कोणाला खरचटलंही नाही. आमच्याकडची कढी तेवढी सांडली. जावयांनी छत्री काढून दिली, वाकून वाकून माफी मागितली. म्हाताऱ्यानं त्यांना ग्लासभर दारू पाजूनच सोडलं.

बोट परत आली, नीट बांधली, आणि आम्ही झाडाखाली गवतावर चादर टाकून जेवायला बसलो. जावयांनी सगळं समजावून सांगितलं, मी काय म्हणाली आणि त्यांना काय ऐकू आलं. विहीणबाईंना हसू आवरेना. पदरानं डोळे पुसायच्या, पुन्हा हसायच्या, कोण जाऊन राहिली, कुठे जाऊन राहिली. नात उठून गोल गोल नाचायला लागली, जाऊन राहिली, जाऊन राहिली. खरं सांगते, तिथवर मलाही हसू येऊन राहिलं होतं.

लेकीनं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. म्हणाली, असं बोलायचं नाही. नात म्हणाली, काहून? आणि माझी लेक, जिनं त्या पोरीला कधी बोट लावलं नव्हतं, ती तिच्यावर ओरडली. काहून नाही, का! का म्हण! पोरगी रडायला लागली.

माझं डोकं फिरलं. मी ताट बाजूला सारलं आणि लेकीला सोडून विहिणीवर गेली. म्हटलं, हसा तुम्ही, पोटभर हसा, मला हसल्यानं काही झिजत नाही. पण माझ्या नातीला माझ्यापासून तोडायला निघाल्या ते मी चालू देणार नाही. माझ्या घरी राहिली तर तिची भाषा बाटेल, हे तुम्हीच भरवलं ना? बारा कोसांवर भाषा बदलते, तुमचे बारा कोस तेवढे सोन्याचे का?

विहीणबाईंचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढला. "मी?" त्या म्हणाल्या. "अहो, मी तर कधीची सांगतेय, पाठवा तिला." आणि त्यांनी माझ्या लेकीकडे पाहिलं.

लेक म्हणाली, "आई, त्यांना काही बोलू नकोस. पाठवायचं नाही हे मी ठरवलंय."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मग लेक बोलली, ताटातल्या भाताकडे पाहत, आणि मला तिच्या आयुष्यातली ती गोष्ट कळली जी इतकी वर्षं तिनं मला सांगितली नव्हती.

बारावी झाल्यावर आम्ही तिला पुण्याला कॉलेजात घातलं होतं. होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच आठवड्यात कोणीतरी विचारलं, काय करतेस? ती म्हणाली, जेवून राहिली. टेबलावरच्या पोरी म्हणाल्या, जेवून कुठे राहिलीस? आणि त्या दिवसापासून तिचं नाव पडलं, राहिली. ए राहिली, इकडे ये. ए राहिली, वही दे. वर्गातले पोरंही तेच म्हणायला लागले. उत्तर येत असलं तरी ती हात वर करायची नाही. खोलीचं दार लावून आरशासमोर पाठ करायची, मी गेले, मी आले, मी करते आहे. त्या दिवसांत तिचा रोज घरी फोन यायचा आणि ती म्हणायची, सगळं मस्त आहे.

जावई त्याच कॉलेजातले. लग्नाआधीची त्यांची ओळख तिथलीच. त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, आम्ही गंमत करायचो. लेक म्हणाली, हो, तूही हाक मारायचास. नात आईच्या मांडीत तोंड खुपसून पडली होती.

मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कोणावर काढू ते कळेना. त्या पोरींवर? त्यांची आता लग्नं होऊन पोरं झाली असतील. जावयावर? समोर बसलेला, कान लाल झालेला. लेक म्हणाली, "मला हसले ते हसले. हिला कोणी हसलेलं मी बघणार नाही. तुला तिच्याशी नीट मराठीत बोलता येत असेल, पूर्ण सुट्टीभर, तर पाठवते."

म्हणजे रस्ता होता. एक शब्द बोलायचा होता, हो. मास्तरीण आहे मी, काय कठीण होतं? हिंदीत चाळीस पोरांचा वर्ग सांभाळला, पुण्याची मराठी दोन महिने सांभाळली नसती? नात मिळाली असती. मला ती किती हवी होती ते मी वर लिहिलं आहे. आणि तरी माझ्या तोंडून हो निघेना. मी पुण्याच्या भाषेत त्या पोरीला निजवीन, भरवीन, रागावीन, आणि ती परत जाईल ती दुसऱ्याच कोणत्या आजीकडून. मग मी बोलली आणि ते जसंच्या तसं इथे लिहिते.

"तुले हसले ते त्यांचं पाप. पण हिले तं अजून कोणी हसलंही नाही, अन् तू हिले आधीच गप करून राहिली. पाठवशील तं मी तिच्याशी माह्याच तोंडानं बोलीन. नसन पाठवायची तं नको पाठवू. रडीन मी. पण उसनं तोंड लावून नातीशी बोलणार नाही."

लेक उठून बोटीत गेली. विहीणबाईंनी माझं ताट पुढे ओढलं, त्यात भात वाढला आणि म्हणाल्या, जेवा. मी त्यांची माफी मागितली नाही. त्यांनीही मला हसल्याबद्दल मागितली नाही. पण कोरड्या भातावर त्यांनी वरण वाढलं आणि त्याच्यावर कोथिंबीर जरा जास्तच टाकली. मी जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली तेव्हा लेक काठावरच थांबली. मला हात केला. आम्ही दोघी पायवाटेनं चालायला लागलो आणि बोट आमच्या बाजूनं, आमच्याच चालीनं. त्या संथ बोटीचा इतका उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. जावई स्टिअरिंगवरून मध्येमध्ये आमच्याकडे पाहायचे आणि आम्ही पाहिलं की समोर पाहायचे. त्यांच्यात रात्री काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. नवराबायकोच्या मध्ये सासूनं पडू नये.

मग लेकीनं विचारलं, "आई, तिला खरंच हसले तर?"

मी म्हटलं, "हसतील त्यांचे दात दिसतील."

ती म्हणाली, तुला सोपं आहे. मी म्हटलं, सोपं नाही, भोपाळच्या मीटिंगांमध्ये माझ्या हिंदीला काय कमी हसले? पण मी घरी येऊन आरशासमोर उभी नाही राहिली, मी तुझ्या बाबांसमोर बसून त्या साहेबांच्या नकला केल्या. तुला पुण्यात तसं कोणी नव्हतं, एवढाच फरक. तू तिथे एकटी होती. ही एकटी काहून राहील? तू असशील ना बाजूला.

फाटक आलं, ती दोर घ्यायला पुढे पळाली. राहिलेले दिवस आम्ही दोघी एकमेकींशी फक्त स्वयंपाकाबद्दल बोललो. विमानतळावर तिनं मला घट्ट धरलं, पण हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. मी सौसरला परत आली तेव्हा यांनी विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, काही नाही म्हणाली. आणि त्या दिवशी मी रडली, जसं म्हटलं होतं तसं.

थंडी संपता संपता लेकीचा फोन आला. म्हणाली, तिकीट काढलं आहे. अट वगैरे काही बोलली नाही आणि मी विचारली नाही.

त्यांची उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे आपला आषाढ-श्रावण. नात आली ती सरळ चिखलात. पहिल्या आठवड्यात तिचं पोट बिघडलं, तिला गोमाशी चावली, संडासातल्या पालीला ती घाबरली आणि आईसाठी रडली. दुसऱ्या आठवड्यात गल्लीतल्या पोट्ट्यांनी तिला आपल्यात घेतलं. मी तिला मुद्दाम काही शिकवलं नाही, फक्त बोलत राहिली. लोधीखेड्याच्या बाजारात तिनं भाजीवालीला विचारलं, वांगे एवढे महाग काहून? भाजीवालीनं भाव कमी केला नाही, पण एक वांगं वर टाकलं. तिचं ते बातम्यांसारखं बोलणंही गेलं नव्हतं. विहीणबाईंचा फोन आला की ती त्यांच्याशी त्यांच्यासारखं बोलायची आणि फोन ठेवला की माझ्याशी माझ्यासारखं. पोराला दोन खिसे असले म्हणून काही त्रास होत नाही. पोळ्याला माहेरी माझ्या भावानं तिला बैलावर बसवलं. दुसऱ्या दिवशी मात्र दगड चालतात म्हणून सावरगावात तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. ती झोपेत बडबडते. दोन-तीन भाषांत बडबडते.

तिला घ्यायला लेक आली. जाताना दोघी पुण्याला थांबणार होत्या, जावयांच्या भावाच्या बाळाचं बारसं होतं. त्या गेल्या आणि घर इतकं शांत झालं की यांनी रेडिओ लावला.

बारशाच्या संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. आवाज दबका होता, बहुतेक स्वयंपाकघरात उभ्या राहून बोलत होत्या. मला वाटलं, पोरगी आजारी पडली. त्या म्हणाल्या, नाही हो, ऐका आधी. हॉल पाहुण्यांनी भरला होता. नात पाळण्याजवळ उभी होती. कोणीतरी तिला विचारलं, बाळ काय करतंय गं? ती म्हणाली, झोपून राहिलं. झालं, त्या घोळक्यात हशा पिकला. एक जण म्हणाली, पुन्हा म्हण ना, किती क्यूट. एकानं फोन काढला, म्हणाला, थांब, व्हिडिओ घेतो, आता म्हण. पोरीनं म्हटलं नाही. तिनं वळून आईकडे पाहिलं.

माझी लेक पलीकडे घुगऱ्यांचं ताट घेऊन उभी होती. तिनं ताट खाली ठेवलं. ती आली, पोरीचा हात धरला आणि सासरच्या सगळ्या गोतावळ्यासमोर म्हणाली, "हसून घ्या तुम्ही. आम्ही थांबून राहिलो."

"आणि खरंच थांबली हो," विहीणबाई म्हणाल्या. "हात धरून, तिथेच."

मी विचारलं, मग काय झालं?

"काय होणार? फोन खिशात गेला आणि सगळे एकदम गप्प." मग त्या हळूच म्हणाल्या, "बाळ तेवढं झोपून राहिलं."